वासराचा दिवस मोजताना

पहाटे धारा उरकल्या की आमच्या गोठ्यात वासरांना दूध पाजायची वेळ होते. बादलीची कडी वाजली रे वाजली की सगळ्या कालवडी उठून कठड्याला येऊन भिडतात. गेल्या वर्षी आषाढात तीन आठवड्यांची एक कालवड मात्र सगळ्यांच्या मागून उठली. दूध तिने पूर्ण संपवलं. पण एरवी साडेतीन मिनिटांच्या आत बाटली रिकामी करणाऱ्या तिला त्या दिवशी सहा मिनिटं लागली, आणि मध्ये दोनदा निपल सोडून ती नुसतीच उभी राहिली. अंग तापलेलं नव्हतं, शेण बरं होतं. पावसाळी हवा आहे, असेल काहीतरी, असं म्हणून आम्ही पुढच्या कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला हगवण लागली आणि दिवेलागणीपर्यंत डोळे खोल गेले. वाचली ती, पण चार दिवस सलाइन, रात्रीची जागरणं आणि डॉक्टरांच्या खेपा झाल्या.

तिने आम्हाला सव्वा दिवस आधी सांगितलं होतं, आम्हालाच ते ऐकता आलं नाही. वासरांच्या खाण्यापिण्यावर आणि दिवसभराच्या हालचालींवर लक्ष कसं ठेवायचं, हा विषय मी तेव्हापासून मनावर घेतला. जगभर यावर बरंच काम झालं आहे, यंत्रंही निघाली आहेत. त्यातलं जे समजलं आणि गोठ्यात उपयोगी पडलं, ते इथे मांडते आहे.

आधी निरोगी वासराचा दिवस कसा असतो ते बघू. तोच माहीत नसेल तर बिघाड दिसणार कुठून? पहिल्या काही आठवड्यांत वासरू 24 तासांपैकी 17 ते 19 तास बसून किंवा आडवं पडून काढतं. मोठी गाय साधारण 10 ते 14 तास बसते. म्हणजे वासरू बसलेलं दिसलं म्हणून काळजी नको. खाल्लेलं अंगी लागायला त्याला एवढी विश्रांती लागतेच. मात्र हे 18 तास सलग नसतात. निरोगी वासरू दिवसातून पंधरा-वीस वेळा उठतं, आळस देतं, अंग ताणतं, चार पावलं फिरतं, काहीतरी हुंगतं आणि पुन्हा बसतं. उठल्यावर पाठ ताणून आळस देणारं वासरू बघितलं की मला निम्मी खात्री पटते. आजारी वासरू उठण्याचा कंटाळा करतं. त्याचं एकूण बसणं वाढतंच, शिवाय एकेक बैठक लांबत जाते.

दुधाचं गणितही असंच. गाईबरोबर मोकळं असलेलं लहान वासरू दिवसातून सहा ते दहा वेळा लुचतं, प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं. मध्येच कासेला ढुशी मारतं, पान्हा सुटेपर्यंत सड बदलत राहतं. आपण त्याला दोन वेळेला बादलीतून दूध देतो आणि ते दोन मिनिटांत घटाघटा संपतं. पोट भरलं तरी लुचण्याची ओढ शिल्लक राहते. दुधाची चव जिभेला लागली की ही ओढ जागी होते आणि साधारण दहा मिनिटांनी शांत होते. त्या दहा मिनिटांत वासरू शेजारच्याचे कान, नाळेची जागा, जे मिळेल ते चोखतं. म्हणून आम्ही दूध संपल्यावरही निपल लगेच काढून घेत नाही.

वासराला पोटाचे चार कप्पे जन्मतःच असतात, पण कामाचा एकच, तो म्हणजे चौथा, खरं पोट. दूध पिताना अन्ननलिकेच्या शेवटी असलेली खाच मिटून तिची नळी होते आणि दूध पहिल्या कप्प्यांना वळसा घालून थेट खऱ्या पोटात उतरतं. कोटीपोट, म्हणजे पहिला कप्पा, तेव्हा लहानसं, रिकाम्या पिशवीसारखं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वासरू थोडा काफ स्टार्टर (लहान वासरांसाठीचा दाण्याचा खुराक), दोन काड्या गवत चघळू लागतं, कोटीपोटात जिवाणू रुजतात, दाणा आंबतो आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळे कोटीपोटाचं अस्तर वाढीला लागतं. मग एके दिवशी वासरू बसल्या बसल्या जबडा हलवताना दिसतं. ही पहिली रवंथ म्हणजे कोटीपोट कामाला लागल्याची पावती. दोन महिन्यांच्या सुमाराचं, खुराक नीट खाणारं वासरू दिवसाचे चार-पाच तास रवंथ करू शकतं. मोठी गाय सात ते नऊ तास करते.

इथेच पाण्याबद्दल सांगून टाकते, कारण ही चूक घरोघरी होते. दूध पितंय ना, मग वेगळं पाणी कशाला, असं म्हणतात. पण दूध कोटीपोटात जातच नाही. तिथल्या जिवाणूंना पाणी मिळतं ते वासरू वेगळं पाणी पितं तेव्हाच. पाणी नसेल तर वासरू खुराकही कमी खातं आणि वाढ मागे पडते. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी समोर हवं.

आता मूळ प्रश्न. ताप, हगवण, खोकला दिसायच्या आधी वासराची वागणूक का बदलते? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी 1988 मध्ये याची फार चांगली उकल मांडली. आजारी जनावर मलूल पडतं, खात नाही, एका जागी बसून राहतं. हा नुसता अशक्तपणा नव्हे, ती शरीराची लढण्याची पद्धत आहे, असं त्यांचं म्हणणं. जंतू शिरले की संरक्षक पेशी रक्तात काही रासायनिक निरोप सोडतात. ते मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदू ठरवतो की अंग तापवायचं, हिंडणं-फिरणं बंद, भूक बंद. अंगाचं तापमान 1 अंश सेल्सियसने वाढवायला शरीराला एरवीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त ऊर्जा मोजावी लागते. ती कुठून तरी वाचवायला हवी. मग सगळ्यात आधी काटछाट होते ती ज्याच्यावाचून अडत नाही त्याची, म्हणजे खेळण्याची. त्यानंतर उगाच फिरणं, शेजारच्याला चाटणं, गव्हाणीत सहज तोंड घालणं कमी होत जातं. दूध पिणं सगळ्यात शेवटी सुटतं.

म्हणूनच शेपटी वर करून चौखूर उधळणारं वासरू ही माझ्या दृष्टीने तब्येतीची सर्वांत नाजूक खूण आहे. शिंगं डागल्यावर, दूध तोडल्यावर, पोटाला कमी पडत असताना वासरं खेळणं कमी करतात. ताज्या भुश्शाची किंवा पेंढ्याची गादी टाकली की निरोगी वासरं हटकून उधळतात. आमच्याकडे गादी बदलायचा दिवस हा आता तपासणीचाही दिवस असतो. जे उधळलं नाही, त्याच्याकडे मी संध्याकाळी पुन्हा जाते.

यात एक पेच आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे वजनाच्या दहा टक्के दूध द्यायचा प्रघात आहे. 30 किलोच्या वासराला दिवसाला 3 लिटर. एवढं दूध पिणारं वासरू बहुतेक वेळ भुकेलेलंच असतं. ते आजारी पडलं तरी समोर आलेलं दूध सोडत नाही, कारण भूक आजारावर मात करते. याउलट ज्याला पोटभर, दिवसाला सहा-सात लिटर दूध मिळतं, ते आजारी पडायला लागलं की पिणं लगेच कमी होतं. मोजूनमापून केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं आहे. म्हणजे आपण हात आखडता घेतला की वासराची वाढ खुंटतेच, वर त्याची बोलण्याची सोयही काढून घेतली जाते. ‘दूध तर सगळं प्यायलं होतं हो,’ असं आजारी वासराचा मालक डॉक्टरांना सांगतो, ते खरंच असतं. पण उपाशी वासराच्या बाबतीत त्या वाक्याला अर्थ उरत नाही. तिथे किती प्यायलं यापेक्षा किती वेळात प्यायलं हे बघावं लागतं. आमच्या कालवडीने पहिल्या दिवशी दाखवलं ते हेच.

परदेशातल्या मोठ्या गोठ्यांत दूध पाजणारी स्वयंचलित यंत्रं असतात. वासराच्या कानातल्या किंवा गळ्यातल्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यावरून यंत्र त्याला ओळखतं, ठरलेलं दूध देतं आणि तीन गोष्टी टिपून ठेवतं. किती प्यायलं, मिनिटाला किती वेगाने प्यायलं, आणि दूध मिळणार नसतानाही किती वेळा उगाच येऊन गेलं. तिसरा आकडा विशेष बोलका आहे. निरोगी वासरू हक्काचं दूध संपलं तरी चार वेळा डोकावून जातं. आजारी पडायला लागलं की या रिकाम्या खेपा पटकन घटतात. पुन्हा तेच, ज्याच्यावाचून अडत नाही ते आधी बंद.

अमेरिका-कॅनडात मांसासाठी वाढवलेल्या तरण्या जनावरांच्या कळपांत 1990 च्या दशकापासून गव्हाणींनाच अँटेना बसवून अशा नोंदी घेतल्या गेल्या. दूरवरून ट्रकने आणलेल्या या जनावरांना फुप्फुसाचा आजार फार होतो. घोड्यावर बसून रोज कळप तपासणाऱ्या अनुभवी माणसांना आजारी जनावर ओळखू येण्याच्या कितीतरी आधी, काही प्रयोगांत तीन-चार दिवस आधी, त्याचं गव्हाणीवर जाणं कमी झालेलं होतं.

पायातला पट्टा, गळ्यातली कॉलर, कानातला सेन्सर, या सगळ्यांच्या पोटात मुख्यतः एकच चिमुकली चिप असते, ॲक्सेलरोमीटर. तुमच्या मोबाइलमध्येही ती आहे. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं ते तिच्यामुळे. खाली कुठल्या बाजूला आहे, हे तिला गुरुत्वाकर्षणावरून कळतं. वासराच्या मागच्या पायाला ती बांधली की उभ्या वासराचा पाय उभा, बसलेल्याचा आडवा. एवढ्यावरून बसण्याचे तास आणि उठण्याची संख्या मिळते. पाऊल टाकलं की झटका बसतो, तो पावलांचा हिशेब. उधळलं की झटक्यांची रांग लागते. सेकंदाला 10 नोंदी धरल्या तर दिवसाला 8 लाख 64 हजार नोंदी होतात. त्या माणसाने बघायच्या नसतात. संगणक त्यातून ‘बसलं 17 तास 40 मिनिटं’ असं एक वाक्य काढतो.

रवंथ ओळखणं जरा अवघड. रवंथीला ताल असतो. सेकंदाला साधारण एक चावा, पन्नासएक चावे झाले की घास गिळला जातो, तीन-चार सेकंद थांबून नवा घास गळ्यातून वर येतो. गाईच्या गळ्याकडे बघत बसलं की तो वर चढताना डोळ्यांना दिसतो. कानातला किंवा गळ्यातला सेन्सर हा ताल शोधतो. काही कॉलरमध्ये छोटा माईक असतो, तो चावण्याचा आवाज ऐकतो. स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या रूमिवॉच या यंत्रात तर मोरकीच्या, म्हणजे जनावराच्या तोंडावर बांधायच्या पट्ट्याच्या, नाकपट्टीतच तेल भरलेली नळी असते; जबडा हलला की तेलावरचा दाब बदलतो आणि त्यावरून खाणं, पिणं आणि रवंथ वेगवेगळं ओळखता येतं. वासरांच्या बाबतीत एक अडचण अशी की बरीचशी यंत्रं मोठ्या गाईंवर घडवलेली आहेत. वासराचा ताल कच्चा असतो, लुचताना जबडा वेगळा हलतो, माश्या हाकलायला कान झटकले तर यंत्र त्यालाही खाणं समजू शकतं. विकत घेताना ‘हे वासरांवर तपासलंय का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपल्याकडच्या जनावरांच्या कानात सरकारी योजनेतला पिवळा, बारा आकडी बिल्ला असतो. तो ओळखपत्रासारखा आहे. लसीकरण, रेतन यांच्या नोंदी त्या क्रमांकावर चढतात, पण तो स्वतः काहीच मोजत नाही. सेन्सर वेगळा. काही जणांची यात गल्लत होते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

यंत्राने इशारा दिला म्हणजे वासरू आजारी आहेच, असंही समजू नका. समजा 100 वासरांपैकी 5 खरंच आजारी आहेत. यंत्राने त्यातली 4 पकडली, म्हणजे चांगलंच काम केलं. पण उरलेल्या 95 निरोगी वासरांपैकी दर दहातल्या एकाबद्दल त्याने चुकून घंटा वाजवली तर नऊ-दहा खोट्या घंटा झाल्या. एकूण तेरा-चौदा घंटांमध्ये खऱ्या फक्त 4. हे कळलं नाही तर दोन गोष्टी होतात. एकतर प्रत्येक घंटेला प्रतिजैविकाचं इंजेक्शन टोचलं जातं, नाहीतर कंटाळून घंटाच बंद केली जाते. दोन्ही वाईट. घंटा वाजली याचा अर्थ एवढाच की या वासराजवळ जाऊन बसा आणि त्याला नीट बघा.

सेन्सर नसला तरी हे सगळं वहीवर करता येतं, आणि पाच-दहा वासरांच्या गोठ्याला वहीच बरी असं माझं मत आहे. शास्त्रज्ञही मुळात तेच करत आले. जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये प्राण्यांचं निरीक्षण कसं नोंदवावं यावर एक मोठा लेख लिहिला. त्या स्वतः आफ्रिकेतल्या बबून माकडांचा अभ्यास करत होत्या, पण त्या लेखातल्या पद्धती आज गोठ्यातही वापरतात. त्यातली सर्वांत सोपी म्हणजे ठरावीक वेळाने नजर टाकायची आणि त्या क्षणी जनावर काय करतंय तेवढंच लिहायचं. दर 10 मिनिटांनी एकदा, म्हणजे 24 तासांत 144 नजरा. त्यातल्या 108 वेळा वासरू बसलेलं दिसलं तर 108 भागिले 144, म्हणजे तीन-चतुर्थांश, म्हणजे 18 तास बसणं. रात्रीसाठी साधा कॅमेरा लावून सकाळी चित्रफीत पुढे पळवत बघता येते. बसण्या-उठण्यासाठी ही पद्धत चालते. पाणी पिणं, लघवी, उधळणं या गोष्टी दोन नजरांच्या मध्ये होऊन जातात. त्या सलग बघूनच मोजाव्या लागतात.

रोज 144 नजरा कोणाला जमणार? आम्हालाही नाही जमत. आम्ही दूध पाजतानाची वेळ धरली आहे, कारण तेव्हा माणूस तिथे असतोच. एका कालवडीच्या पानावर पाच दिवसांचे आकडे असे होते: 200, 190, 210, 195, 205 सेकंद. सरासरी 200. सहाव्या दिवशी 260 लागले, म्हणजे तिच्या नेहमीच्या वेळेपेक्षा तीस टक्के जास्त. शेजारची कालवड रोजच 260 सेकंद घेते आणि ठणठणीत आहे. म्हणून 260 हा आकडा चांगला की वाईट, याला उत्तरच नाही. वासराची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या पाच-सात दिवसांशी करायची, हे या सगळ्या विषयाचं मर्म आहे. महागड्या यंत्रांमधला हिशेबही मुळात हाच असतो.

त्याला एका उलट पडताळणीची जोड द्या. एकाचाच आकडा बिघडला तर वासरू बघा, सगळ्यांचे एकदम बिघडले तर गोठा बघा. एकदा आमच्या सगळ्याच वासरांचा वेळ वाढला. घाबरलो. बघितलं तर नवीन आणलेल्या निपलांची भोकं बारीक होती. वैशाखातल्या दुपारी सगळ्यांचं खाणं घटतं, लस टोचल्यावर एखादा दिवस सगळी मलूल असतात. चौथ्या महिन्यातली लाळ्या-खुरकूतची लस असो की कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान एकदा दिली जाणारी सांसर्गिक गर्भपाताची. तारीख वहीत लिहिलेली असली की जीव भांड्यात पडतो.

एकट्याचा आकडा बिघडला असेल तर पुढे काय करायचं? आधी थर्मामीटर लावा. वासराचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 103 च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन करा. नाळेची जागा बोटांनी चाचपा, सुजलेली किंवा दुखरी आहे का बघा. नाकाड कोरडं आहे का, एक कान पडलाय का, श्वास घेताना पोट हलतंय का. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत जागेवर आली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. हगवण लागली की दूध बंद करायची जुनी सवय आहे, ती मोडा. दूध चालू ठेवून मधल्या वेळेत क्षारपाणी पाजायचं असतं. आजारी वासराची खाण्याची वाट आपणच बंद केली तर ते लढणार कशावर?

दूध तोडण्याचा आठवडा मात्र वेगळा धरा. तेव्हा निरोगी वासरूसुद्धा हंबरतं, येरझाऱ्या घालतं, बसणं कमी होतं. पायातला सेन्सर आरडाओरडा करतो आणि वासराला काही झालेलं नसतं. तिथे बघायची ती रवंथ आणि खुराक. संकरित वासरू सलग तीन दिवस एक किलोच्या आसपास खुराक खात असेल तरच दूध तोडायला घ्यायचं, आणि तेही आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत. दूध घटत असताना रवंथीचे तास वाढत गेले तर कोटीपोटाने भार उचलला. ते वाढले नाहीत तर आम्ही पुन्हा थोडं दूध सुरू करतो.

आषाढातली ती कालवड आता तेरा महिन्यांची आहे. काल टेप लावला. छातीचा घेर 56 इंच, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 46 इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, हे अंदाजे किलोतलं वजन. म्हणजे 218 किलो. अडीचशेच्या पुढे गेल्याशिवाय भरवायची, म्हणजे तिचं रेतन करायचं, नाही असं ठरवलं आहे. तिच्या पानावर दुधाच्या सेकंदांचा रकाना कधीच बंद झाला, त्या जागी आता माजाचा रकाना आखला आहे. परवा रात्री ती तीन तास खाली बसली नाही, दाव्याभोवती फिरत राहिली आणि सकाळी खुराक निम्मा ठेवला. आजारपणात उठणं-फिरणं कमी होतं, माजात ते वाढतं, खाणं मात्र दोन्हीत घटतं. थर्मामीटर लावला, 101.6. शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, होता. पहिला माज म्हणून तारीख लिहून ठेवली. पुढचा साधारण 21 दिवसांनी बघायचा.